कर्करोगाचे उपचार : निवड कोणाची?

आधुनिक वैद्यकाच्या जगात अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते : उपचार कोणते घ्यायचे हे अखेर रुग्णाने ठरवायचे असते. वाक्य चांगले आहे. माणसाच्या देहावर त्याचा स्वतःचा अधिकार आहे ही लोकशाहीची शिकवण रुग्णशय्येपर्यंत पोहोचली, याचे समाजवादी विचाराच्या माणसाने स्वागतच केले पाहिजे. परंतु कोणत्याही हक्काचे मोल तो कागदावर कसा लिहिला आहे यावरून ठरत नाही. तो बजावण्याची साधने कोणाच्या हाती आहेत यावरून ठरते. कर्करोगाच्या उपचारांना ही कसोटी लावली की असे आढळते की, आपल्या देशातील बहुसंख्य रुग्ण डॉक्टरसमोर येऊन बसतात त्यापूर्वीच त्यांची निवड होऊन गेलेली असते. ती अंतराने केलेली असते, रोजगाराने केलेली असते, औषधाच्या किमतीने केलेली असते. रुग्णाच्या वाट्याला उरते ती केवळ संमतिपत्रावरची सही किंवा अंगठा.

प्रश्न किती मोठा आहे हे प्रथम ध्यानात घ्यावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षी भारतात सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने दगावली. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे २४ लाख नवे रुग्ण होते आणि मृत्यू ६ लाखांच्या आसपास. दोन्ही देशांत होणारे कर्करोग एकाच प्रकारचे नाहीत, हे मान्य केले तरी एवढी तफावत तेवढ्याने उलगडत नाही. आपल्याकडे रोग उशिरा ओळखला जातो, आणि रोग जितका उशिरा ओळखावा तितके उपचारांचे पर्याय आटत जातात. पहिल्या टप्प्यावरच्या रुग्णापुढे दोन-तीन वाटा असतात. चौथ्या टप्प्यावरच्या रुग्णापुढे बहुधा एकच असते, आणि तीही लांब पल्ल्याची नसते. म्हणून निदानाला होणारा विलंब हा निवडीच्या हक्काचाच संकोच आहे.

रुग्णाच्या निवडीचा हा विचार मुळात कोठून आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॅल्स्टेड या शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कर्करोगासाठी एक व्यापक शस्त्रक्रिया रूढ केली. स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढून टाकल्या जात. पाऊणशे वर्षे ही शस्त्रक्रिया जवळजवळ निर्विवाद मानली गेली. पुढेपुढे अमेरिकेत अशी प्रथाच पडली की, स्त्रीला भूल द्यावी, गाठीचा तुकडा तपासावा आणि तो कर्करोगाचा निघाला तर ती शुद्धीवर येण्यापूर्वीच स्तन काढून टाकावा. रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने १९७४ साली स्वतःच्या बाबतीत असे करू देण्याचे नाकारले. आधी तपासणी, मग विचार आणि मगच शस्त्रक्रिया, असा तिचा आग्रह होता. त्याच सुमारास पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी हे दोघे स्वतंत्रपणे चाचण्या करीत होते. लहान गाठीच्या बाबतीत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी स्त्रिया तितकीच वर्षे जगतात, असे त्यांतून दिसून आले. २००२ साली दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वादाला पूर्णविराम मिळाला. येथे दोन शक्ती एकत्र आल्या होत्या : खर्चिक व दीर्घ वैद्यकीय संशोधन आणि आपल्या देहाविषयी जाब विचारणाऱ्या स्त्रियांची चळवळ. या दोहोंपैकी एक जरी नसती, तरी निवडीचा प्रश्न उपस्थितच झाला नसता.

भारतात हा हक्क न्यायालयामार्गे आला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की, एका स्त्रीने केवळ निदानाच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर थांबलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. सज्ञान स्त्रीच्या वतीने, तातडीचा प्रसंग नसताना, तिच्या आईलाही अशी संमती देता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू, उपलब्ध असलेले अन्य पर्याय, त्यांतील धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम हे सर्व रुग्णाला सांगितले गेले पाहिजे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. याहून निःसंदिग्ध कायदा कोणता असू शकतो?

आणि तरीही मराठवाड्यातील एखाद्या शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत या कायद्याचा अर्थ काय होतो ते पाहावे. तिच्या स्तनातील गाठ लहान आहे. स्तन वाचवता येईल असे डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतात. पण स्तन वाचवायचा तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घ्यावे लागतात, आणि जुन्या पद्धतीने ते आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे चालतात. किरणोपचाराचे यंत्र मोठ्या शहरात. राहायचे कोठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर भाग्य. एरवी परळचा पदपथ आहेच. सोबत नवरा राहिला तर त्याची मजुरी बुडते, आणि घरी पोरांना कोण पाहणार हा प्रश्न उरतोच. ती सांगते, ‘काढून टाका, म्हणजे एकदाचे सुटू.’ नोंदवहीत लिहिले जाते की रुग्णाने पूर्ण स्तन काढण्याचा पर्याय निवडला. कायद्याच्या दृष्टीने तिने निवड केली. वस्तुतः निवड केली ती एस.टी.च्या अंतराने आणि बुडालेल्या मजुरीने.

विज्ञानाने या अडचणीवर तोडगा काढलेला आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. हेच किरणोपचार तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिले तरी चालतात, असे ब्रिटनमधील चाचणीने २००८ साली दाखवले. आणि पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ते एका आठवड्यात पाच वेळा देऊनही भागते, असे २०२० साली तेथीलच दुसऱ्या चाचणीने सिद्ध केले. पाच आठवड्यांचे पाच दिवस झाले! हा शोध श्रीमंत रुग्णासाठी सोय आहे. मजूर स्त्रीसाठी मात्र तो स्तन राहणार की जाणार याचा निर्णय आहे. पण पाच दिवसांसाठी का होईना, यंत्र लागते. आणि यंत्रे लोकसंख्येच्या मानाने अपुरी असून जी आहेत ती शहरांत एकवटलेली आहेत. शोध कोठेही लागो, त्याचा लाभ कोणाला होणार हे अखेर सार्वजनिक व्यवस्थेवर अवलंबून राहते.

निवडीच्या नावाखाली फसवणूक कोणत्या थराला जाऊ शकते, हे बीड जिल्ह्याने २०१९ साली महाराष्ट्राला दाखवून दिले. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा बोभाटा झाल्यावर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. यांतील कित्येकींनी सांगितले की, अंगावर पांढरे जाते किंवा पोटात दुखते म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे त्यांना सांगण्यात आले. तपासणी नाही, दुसरा सल्ला नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नव्हता. फडावर ना पाणी, ना आडोसा. अशा परिस्थितीत त्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेला होकार दिला. या होकाराला संमती म्हणायचे असेल, तर सावकाराच्या खतावरील अंगठ्यालाही स्वेच्छा म्हणावे लागेल.

या घटनेतील विसंगती अशी की, त्याच परिसरात दहा वर्षांपूर्वी याहून योग्य मार्ग सिद्ध झालेला होता. बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ४९७ गावांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठी चाचणी केली. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली आणि दोष आढळलेल्या स्त्रियांवर वेळीच उपचार केले, तरी या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, असा तिचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या चाचणीत तर यंत्रही नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन, सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे साधे व्हिनेगर, लावून गर्भाशयमुख तपासण्यास शिकवले गेले. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. हे निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाले.

या चाचण्यांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर पुढे आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप उडवून लावण्याजोगे नाहीत. गरीब स्त्रीचा देह ज्ञानाचे साधन होणार असेल, तर त्या ज्ञानावर पहिला हक्क तिचाच असला पाहिजे. तो हक्क तिला मिळाला काय? २०१६ साली केंद्र शासनाने तीस वर्षांवरील सर्वांच्या तोंडाच्या आणि स्त्रियांच्या स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीचे मार्गदर्शक धोरण काढले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र असे आढळले की, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के आणि स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के आहेत. मराठवाड्याच्या गावांतून मिळालेले ज्ञान जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. शेजारच्या तालुक्यात ते पोहोचले नाही.

उपचारांची यादी मुळात कोण तयार करतो, हा याहून खोलवरचा प्रश्न आहे. रुग्णापुढे जे पर्याय मांडले जातात ते आकाशातून पडत नाहीत. कोणत्या औषधावर संशोधन करायचे, ते किती मात्रेने द्यायचे आणि किती किमतीला विकायचे, हे बहुतांशी औषध कंपन्या ठरवतात. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचे उदाहरण बोलके आहे. पेटंटधारक बायर कंपनी एका महिन्याच्या गोळ्यांसाठी २ लाख ८० हजारांहून अधिक रुपये आकारीत होती. गरजू रुग्णांपैकी जेमतेम २ टक्क्यांपर्यंत ते औषध पोहोचत होते. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी कायद्याच्या कलम ८४ खाली नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध फार तर ८,८८० रुपयांना विकण्याचे बंधन घातले. मूळ कंपनीला रॉयल्टीही देवविली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली, तीही पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या आधारे.

ही कलमे आपोआप कायद्यात आलेली नाहीत. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली होती. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली २००५ साली ती पुन्हा मान्य करावी लागली, तेव्हा संसदेत डाव्या पक्षांनी व बाहेर जनसंघटनांनी झगडून ही संरक्षक कलमे राखून व बळकट करून घेतली. ज्या रुग्णांना २ लाख ८० हजारांऐवजी फार तर ८,८८० रुपयांत औषध मिळाले, त्यांच्यासाठी निवडीचा दरवाजा डॉक्टरने उघडला नव्हता, तो या राजकीय झगड्याने उघडला होता. परंतु सोराफेनिबनंतरच्या दहा वर्षांत दुसऱ्या कोणत्याही औषधासाठी असा परवाना दिला गेला नाही. हत्यार कायद्यात आहे. ते उचलण्याची इच्छाशक्ती शासनापाशी नाही.

मक्तेदारीला दुसरे उत्तर सार्वजनिक संशोधनाने दिले आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी एका खासगी न्यासाच्या देणगीतून उभे राहिले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. नफ्याचे दडपण नसलेल्या या संस्थेला असे प्रश्न विचारता आले, जे विचारण्यात कोणत्याही कंपनीचे हित नसते. निव्होलुमॅब हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना देणारे महागडे औषध आहे. त्याची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅमच्या घरात. तोंड व घशाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना ते केवळ २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांतून एकदा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले तर काय होईल, असा प्रश्न टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी विचारला. २०२३ साली छापून आलेल्या या चाचणीत एक वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. रोग बरा झाला असे नव्हे. कित्येकांच्या बाबतीत काही महिनेच वाढले. पण ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती, त्याच्यापुढे एक खरा पर्याय उभा राहिला. आपल्याच मालाचा खप दहापट घटवील असा प्रयोग कोणती कंपनी करील? तंबाखू आणि गुटख्याने ज्या महाराष्ट्राची तोंडे पोखरली आहेत, तेथे या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

शासनाचे उत्तर मात्र विम्याच्या वाटेने गेले आहे. २०१२ साली राज्यात सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू झाली, आणि तिच्यामुळे हजारो गरिबांवर कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व उपचार विनामूल्य होऊ शकले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु योजनेची रचना यादीची आहे. यादीत जे आहे त्याचे पैसे रुग्णालयाला मिळतात; यादीत जे नाही ते रुग्णाने पाहायचे. निदानापूर्वीची धावाधाव, एका तपासणीसाठी जिल्ह्याच्या तीन खेपा, शहरातील मुक्काम, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, यांचा हिशेब यादीत बसत नाही; आणि घरातले किडूकमिडूक विकले जाते ते बहुधा याच खर्चापायी. शिवाय खासगी रुग्णालय योजनेतील कोणते उपचार करील, हे दर किफायतशीर आहे की नाही यावर अवलंबून राहते. अशा रीतीने उपचारांची निवड हिशेबनिसाच्या टेबलावरही होत असते.

आणि जेथे रुग्णालय दूर असते, तेथे वैदू आणि जाहिरातबाज चिकित्सक जवळ असतो. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी अशा जाहिराती राजरोस चालतात. त्यांना बळी पडणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण वैदू रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलतो, त्याचे म्हणणे ऐकून घेतो, आणि ‘बरा होशील’ असे सांगतो. मोठ्या रुग्णालयातील थकलेला डॉक्टर शंभर रुग्णांच्या रांगेत प्रत्येकाला दोन मिनिटे देऊ शकतो. अंधश्रद्धेविरुद्धची लढाई केवळ प्रबोधनाने जिंकता येणार नाही. त्या दोन मिनिटांची वीस मिनिटे करणारी माणसे रुग्णालयात नेमावी लागतील.

घराच्या उंबरठ्याआत होणारी निवडही तपासून पाहिली पाहिजे. आपल्याकडे रुग्णाला रोगाचे नावच सांगितले जात नाही. ‘तिला सांगू नका, धसका घेईल’ असे म्हणून मुलगा, दीर किंवा नवरा निर्णय घेतो. त्यात माया असते हे खरे, पण त्या मायेत सत्ताही असते. देशभरच्या बालकर्करोग विभागांत मुलग्यांच्या मानाने मुली फार कमी दाखल होतात, आणि ही तफावत रोगाच्या नैसर्गिक प्रमाणाने उलगडत नाही. मुलाच्या उपचारासाठी जमीन गहाण पडते. मुलीसाठी ती पडेलच असे नाही. खर्चाचा भार कुटुंबावर टाकला की कुटुंबातील विषमता उपचारांच्या निवडीत उतरणारच. यावर उपाय स्त्रीच्या बरोबरीच्या हक्काचा आग्रह आणि उपचारांचा खर्च समाजाने उचलणे हा आहे. एकाविना दुसरा लंगडा ठरेल.

निवडीचा आणखी एक पैलू आहे, ज्याचा उच्चार करण्यास समाज कचरतो. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला असता, आणखी एक औषध, आणखी एक शहर, आणखी एक कर्ज करायचे की उरलेले दिवस वेदनेविना घरी काढायचे, हेही ठरवण्याचा अधिकार रुग्णाला आहे. पण वेदनाशमनाची सोय असेल तरच हा पर्याय खरा. मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे आणि औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातील प्रमुख देशांत भारताची गणना होते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचामुळे ते रुग्णालयांतून दिसेनासे झाले. २०१४ साली कायदा सुधारला, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते सहजी मिळत नाही. केरळने १९९३ साली कोझिकोडे येथे सुरू झालेल्या कामातून वेगळे उदाहरण घालून दिले : प्रशिक्षित स्वयंसेवक, गावोगावच्या परिचारिका आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा पैसा यांच्या बळावर मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा त्याच्या घरी पोहोचली. महाराष्ट्राच्या पंचायतींना हे अशक्य का असावे?

या विवेचनावर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, कर्करोगाचे सर्वांना मोफत उपचार देणे गरीब देशाला परवडणार नाही. वर दिलेली उदाहरणेच त्याचे उत्तर आहेत : व्हिनेगरची तपासणी, पाच दिवसांचे किरणोपचार, दशांशाहून कमी मात्रेचे औषध, सक्तीच्या परवान्याने उतरलेली किंमत. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील रुग्णालयांनी एकत्र येऊन ४० औषधांची घाऊक बोलणी केली, तेव्हा खर्च सुमारे ८२ टक्क्यांनी कमी झाला. महाग आहे तो रोग फार पुढे गेल्यावर, एकेकट्या रुग्णाने, मक्तेदाराच्या दराने विकत घेतलेला उपचार. दुसरा आक्षेप असा की, अशिक्षित रुग्णाला पर्याय समजावून काय उपयोग. डॉक्टरने ठरवावे हेच बरे. डॉक्टरचे ज्ञान मोलाचे आहे आणि सल्ला देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पण बियाण्याचा, कर्जाचा, स्थलांतराचा निर्णय जी स्त्री घेते, तिला ‘स्तन ठेवला तर पाच दिवस यावे लागेल’ हे कळत नाही असे मानणे हा सुशिक्षितांचा अहंकार आहे. बीडच्या स्त्रियांची अडचण अज्ञानाची कमी आणि त्यांना खोटे सांगितले गेल्याची अधिक होती.

भोर समितीने १९४६ सालीच असे बजावले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेला मुकता कामा नये. त्या वचनाच्या पूर्ततेसाठी मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. किरणोपचाराचे सार्वजनिक केंद्र आणि त्याला जोडून रुग्णनिवास प्रत्येक जिल्ह्याच्या आवाक्यात हवा. आशा सेविकांवर तपासणीचे काम टाकायचे तर त्यांना प्रशिक्षण व रास्त वेतन हवे, आणि दोष आढळलेल्या स्त्रीला पुढील उपचार मिळण्याची हमी हवी. उपचाराच्या काळातील बुडालेल्या मजुरीची भरपाई योजनेच्या यादीत यावी. गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची कारणासह नोंद व छाननी व्हावी. पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्याचे कलम वापरले जावे. तालुका रुग्णालयात मॉर्फिन उपलब्ध असावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. गावातील रुग्ण मोठ्या रुग्णालयात जातो तेव्हा त्याला पैशाइतकीच सोबतीची गरज असते. त्याच्याबरोबर जाणाऱ्या कार्यकर्त्याने डॉक्टरांना काही साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मराठीत लिहून घ्यावीत. रोग कोणत्या टप्प्यावर आहे? या उपचाराचा हेतू रोग बरा करणे हा आहे, आयुष्य वाढवणे हा आहे, की त्रास कमी करणे हा आहे? दुसरे पर्याय कोणते, आणि काहीच केले नाही तर काय होईल? किती दिवस यावे लागेल, किती खर्च येईल आणि त्यातील किती योजनेत बसेल? हेच उपचार घराजवळ कोठे मिळतात? शस्त्रक्रियेची घाई केली जात असेल, तर तपासणीचा अहवाल मागून घेऊन दुसरा सल्ला घ्यावा. ही उत्तरे रुग्णाला, विशेषतः ती स्त्री असेल तर तिलाच, समक्ष वाचून दाखवावीत आणि तिचे म्हणणे ऐकल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. एका तालुक्यात वर्षभर अशी सोबत झाली, तर कोणाला कोणता पर्याय सांगितला गेला, कोणाचा कोणत्या कारणाने हुकला, याची जी वही तयार होईल, ती घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या व जिल्हा परिषदेच्या दारात जाता येईल. आणि तेव्हा मागणीच्या पाठीशी माणसे असतील.